ह्यात काय काय नाहीये?

राग आलाय असं म्हणवत नाही. रागावण्यासारखं कुणी काही बोललंच नाही. उलट ताई ‘अरे वा’ म्हणाली. पण ते ‘अरे वा’ संध्याकाळपासून घशात अडकलंय. भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी खाली उतरत नाही. म्हणून लिहायला बसलो.

तिनं मी केलेल्या चॉकलेट मूसचा, म्हणजे त्या मऊ, फुगीर गोड पदार्थाचा, पहिला चमचा तोंडात घातला, जराशी थांबली आणि विचारलं, ‘ह्यात काय काय नाहीये रे?’ आणि मी शहाण्यासारखा बोटं दुमडत सांगत बसलो. लोणी नाही. क्रीम नाही. अंड्याचा बलक नाही. वरून घातलेली साखर नाही. ती मान डोलावत ऐकत होती. करंगळीपर्यंत पोचलो तेव्हा ते ‘अरे वा’ आलं. मग तिनं चमचा वाटीच्या कडेला टेकवला आणि तो तिथेच राहिला. तिची वाटी शेवटी भाऊजींनी संपवली. पण भाऊजी काहीही संपवतात, त्यांचं प्रशस्तिपत्रक धरण्यात अर्थ नाही.

एरवी हीच ताई माझ्या पूर्वीच्या लोणी-क्रीमवाल्या मूसची वाटी आतून पुसून घ्यायची. चमच्यानं भागलं नाही तर बोटानं. रिपोर्ट आल्यापासून... असो.

मूस वाईट झालं नव्हतं. हे मी केलं म्हणून म्हणत नाही. पिकलेला ॲव्होकाडो, कोको, भिजवलेला खजूर, चिमूटभर मीठ, दोन चमचे कडक कॉफी. हिरवट वास मारायला व्हॅनिला. मिक्सरमध्ये इतकं फिरवलं की चमच्यानं ओढलेली रेघ तशीच उभी राहत होती. मीठ कडवटपणा दाबतं आणि कॉफीनं चॉकलेटची चव वर येते, या दोन्ही युक्त्या हमखास. रंग काळाभोर, वर तुकतुकी. फोटो काढला असता तर कुणाला फरक कळला नसता.

हिशेबही चोख होता. लोण्यात ८० टक्क्यांच्या वर स्निग्धांश आणि त्यातला निम्म्याहून जास्त संपृक्त, म्हणजे डॉक्टर कमी करायला सांगतात तसला. ॲव्होकाडोत जेमतेम १५ टक्के, तोही बहुतेक ओलेइक, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतो तोच. शिवाय १०० ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम चोथा. खजुराबद्दल कुणी बोट दाखवायच्या आधी मीच सांगतो, सुक्या खजुराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग साखरच असते. म्हणून तर मी ‘वरून घातलेली’ म्हणालो होतो. शब्द मोजूनमापून वापरला होता. गोड खायला बसलेल्या बहिणीसमोर मोजूनमापून शब्द वापरायची वेळ का यावी, ते विचारू नका.

कोकोतल्या फ्लॅव्हनॉलवरचं, म्हणजे तब्येतीला चांगल्या मानल्या जाणाऱ्या द्रव्यांवरचं, व्याख्यानही ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बरंच झालं. काळाभोर दिसणाऱ्या कोकोवर बहुधा अल्कलीची प्रक्रिया झालेली असते. तिच्यानं रंग गडद होतो, आंबट-तुरटपणा जातो आणि त्याबरोबर फ्लॅव्हनॉलही बरेचसे जातात. म्हणजे व्याख्यान एका डब्याचं आणि कोको दुसऱ्याच डब्यातला.

तर ते ‘अरे वा’. त्यात तिरकसपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडलो असतो. आमची भांडणं चांगली होतात. पण हे ‘अरे वा’ मी ओळखतो. हल्ली ती आहारतक्त्याला असंच म्हणते. वजनकाट्याला म्हणते. चालून आल्यावर हातातलं घड्याळ पावलं मोजून दाखवतं, त्याला म्हणते. तब्येतीला चांगल्या असलेल्या सगळ्या गोष्टींसाठी तिनं हा एक सूर राखून ठेवलाय, आणि आज त्या रांगेत मीही जाऊन उभा राहिलो. वाटी घेऊन.

आणि एवढं खपून. अर्धा दिवस गेला. खजुराच्या सालीचे धागे राहू नयेत म्हणून सगळा लगदा गाळणीतून चमच्यानं घासून काढला, मनगट अजून दुखतंय. लोक बाहेरून डबा आणतात, त्यांना ‘कशाला आणलंस’ म्हणतात. आपण जीव तोडून करावं तर अरे वा. आपल्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुझं कसं चाललंय. वय काय तिचंच वाढतंय? जाऊ दे.

राहवेना, म्हणून मघाशी उरलेल्यातला एक चमचा खाऊन पाहिला. डोळे मिटून, जीभ काय म्हणते ते नीट बघत. मग चूळ भरली आणि कपाटातल्या ७० टक्के कोकोवाल्या चॉकलेटचा एक तुकडा तोंडात टाकला. चावला नाही, जिभेवर ठेवला. आधी काहीच नाही, नुसता गार, टणक तुकडा. मग त्याच्या कडा सुटायला लागल्या. मग एकदम जिभेवर पातळ थर पसरला आणि वास मागून नाकात चढला. हे सगळं कोको बटरचं काम. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि तोंड त्याहून गरम असतं. बोटांत धरून तुकडा तोडता येतो आणि तोंडात त्याचं पाणी होतं, तेवढ्या दोन-तीन अंशांच्या जोरावर चॉकलेटचा सगळा तोरा आहे.

ॲव्होकाडोचं तेल मुळातच पातळ. तोंडात गेल्यावर त्याला करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मऊ आत गेलं, मऊच राहिलं, मऊच गिळलं. कोकोच्या भुकटीत कोको बटर असतं, पण दाबून बरंचसं काढून घेतल्यावर उरलेलं. त्यात मूस फ्रिजमधून थेट काढलेलं, म्हणजे गोडवा आणि वास दोन्ही दबलेले. ताई जराशी थांबली होती ना, ती बहुधा याचीच वाट बघत असणार. आता वितळेल, मग वितळेल.

हे सुचलं आणि एकदम हलकं वाटलं. माझा काही दोष नाही, सगळं ओलेइक आम्लाचं करणं आहे! पाच मिनिटं मजेत गेली. मग परत आठवलं की चमचा खाली ठेवला तो माझी बोटं दुमडून झाल्यावर, आधी नाही. यादी ऐकेपर्यंत तो हातात होता. तेव्हा ओलेइक आम्लावर सगळं ढकलता येईलसं वाटत नाही.

एर्वे तीस नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९९५ मध्ये नुसतं चॉकलेट आणि पाणी यांचं मूस करून दाखवलं. हे मला कधीपासून माहीत होतं, पण पाणी आणि चॉकलेट म्हटलं की हात आखडतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओल्या चमच्याचं थेंबभर पाणी पडलं तरी साखरेचे नि कोकोचे कण एकमेकांना धरून बसतात आणि सगळ्याचा चिकट गोळा होतो. गंमत अशी की पाणी आणखी घातलं तर तोच गोळा सुटतो. चॉकलेटमधलं लेसिथिन, म्हणजे तेल-पाणी जुळवून ठेवणारा घटक, आणि कोकोचे बारीक कण चरबीचे थेंब पाण्यात धरून ठेवतात, म्हणजे रचनेनं ती क्रीमच झाली. आणि क्रीम म्हटली की ती गार करून फेटता येते.

रात्रीची वेळ, घर झोपलेलं, आणि मी बर्फाचे ट्रे आपटत होतो. शंभर ग्रॅम चॉकलेट, नव्वद मिली पाणी, मंद आचेवर एकजीव केलं. पातेली बर्फात बसवली आणि हातानं फेटायला लागलो. बराच वेळ नुसतं सांडपाणी दिसतं, काळं, पातळ, कडेला फेस. मनात आलं, गेलं वाया. मग फेटणीचा आवाज बदलला. आधी पातळ चळक-चळक, मग जड. पातेलीच्या तळाशी फेटणीचे माग दिसायला लागले, आणि त्या नादात मी चार हात जास्त मारले तर रवाळ झालं. पण यात एक मोठा दिलासा आहे. पुन्हा आचेवर ठेवा, वितळवा, पुन्हा बर्फात. लोणी नि अंड्यांच्या मूसला अशी माफी नसते. दुसऱ्या खेपेला माग दिसताच हात आवरला.

खाल्लं. वितळतं.

आता हे पथ्याचं आहे का, तर नाही. तीस ग्रॅम चॉकलेटच्या वाटीत साधारण नऊ ग्रॅम साखर आणि बारा ग्रॅम स्निग्धांश, तोही बहुतांशी संपृक्त. जुन्या मूसपेक्षा बरंच कमी, कारण वर लोणी नाही, क्रीम नाही... हे बघा, बोटं पुन्हा दुमडायला लागली. खोडच आहे. शिवाय वाटी लहान लागते, हे खरं. कडू चॉकलेट फार खाववत नाही, ताईला तर नाहीच. पूर्वीही ती दुसरी वाटी घ्यायची ती मला बरं वाटावं म्हणून, असा माझा जुना संशय आहे. तिला विचारलं तर हसेल.

रविवारी येतायत दोघं. तिच्यासाठी ही छोटी वाटी, खायच्या वीस मिनिटं आधी फ्रिजबाहेर. हातात देईन आणि पाणी आणायला म्हणून आत निघून जाईन, म्हणजे तोंडातून काही निघायला नको. भाऊजींना ॲव्होकाडोचंच. त्यांना आवडलंय आणि फळं अजून दोन उरलीत, देठापाशी दाबलं तर अंगठा आत जातो. रविवारपर्यंत थांबतील असं दिसत नाही.