डावी बाजू मेली आणि डोना समर लंगडायला लागली

मी म्युनिकला लाइव्ह साउंडचं काम करतो, लग्न, कंपनीच्या पार्ट्या, मिळेल ते. परवा एका आजीबाईंच्या वाढदिवसाला रेट्रो डिस्को होता, सगळं मजेत चाललेलं आणि डीजेने डोना समरचं 'आय फील लव्ह' लावलं तर बेस असा की तबलजी समेच्या मागून धावतोय. किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, जागेवर, बेस मात्र दर वेळी उशिरा. नाचणारे एकमेकांकडे बघायला लागले. डीजे म्हणे फाइल खराब आहे, बदलतो. म्हटलं थांब रे बाबा, हात लावू नको, डावी बाजू मेलीये, डाव्या स्पीकरमधून आवाजच येत नाहीये.

आता हे न बघता कसं कळलं, तर त्या गाण्याची रचनाच तशी आहे. जॉर्जिओ मोरोदर हा साउथ टायरॉलचा इटालियन निर्माता, त्याने 1977 मध्ये इथेच म्युनिकला, अराबेला हाउस या उंच इमारतीच्या तळघरातल्या म्युझिकलँड स्टुडिओत ते केलं. मोग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा बेस डावीकडे ठेवला आणि तोच बेस डिले लावून किंचित उशिरा उजवीकडे, दोन्ही एकत्र आले की ती फडफड तयार होते. नुसतं उजवं वाजलं तर हाती फक्त उशिराचे सूर. किक मधोमध, आणि ती तेवढी खऱ्या ड्रमची, कीथ फोर्सीने वाजवलेली, कारण मोगमधून तसा दणका निघेना. मोग सारखा बेसूर व्हायचा म्हणून तुकड्यातुकड्यांत रेकॉर्डिंग करावं लागलं, आणि आपण आज लॅपटॉप हँग झाला तरी कुरकुरतो!

बर्लिनमध्ये संगीतकार ब्रायन ईनो ही रेकॉर्ड घेऊन गायक डेव्हिड बोवीकडे पळत गेला, भविष्याचा आवाज सापडला म्हणून. अतिशयोक्ती नव्हती ती. इटालो डिस्को, न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे', पुढचा टेक्नो, मशीनच्या बेसवर नाचायची सवय लोकांना इथूनच लागली असं माझं ठाम मत आहे.

तर अँप्लिफायरवर बघितलं, डाव्या चॅनलचा सिग्नल लाइट बंद. केबलचा एक्सएलआर कनेक्टर कुणाच्यातरी खुर्चीच्या पायाखाली चिरडलेला. आधीच्या गाण्यांत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, दोन्हीकडे जवळपास सारखंच वाजत होतं ना. केबल बदलली, डीजेने परत पहिल्यापासून लावलं आणि आजीबाई स्वतः फ्लोअरवर आल्या. नंतर त्याने सॅम स्मिथचं 2019 चं व्हर्जनही वाजवलं, ते मला नाही आवडत, पण पैसे डीजेला मिळतात, मला काय.