एरर शून्य, पण शाळेचं नाव गायब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. त्यांच्याकडे शाळांच्या बॅजच्या हजारावर कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल साठल्या होत्या, काही तर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या. ऑनलाइन ऑर्डर घेण्यासाठी मालकांना त्या सगळ्या एसव्हीजीत, म्हणजे वेबसाइटवर दिसणाऱ्या चित्राच्या फॉरमॅटमध्ये हव्या होत्या, आणि नवीन लेझर कटिंग मशीनसाठी काही डीएक्सएफ या फॉरमॅटमध्ये. काम आलं ते ऐन मे महिन्यात. शाळा उघडायच्या तोंडावर या धंद्यात कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

"एकेक उघडून सेव्ह करायचं म्हटलं तर अण्णांना दिवाळी उजाडेल. तुम्ही प्रोग्राम लिहा की," मालक मला म्हणाले. अण्णा म्हणजे तिथले डीटीपी ऑपरेटर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि जुन्या पद्धतीचं मराठी टायपिंग कीबोर्डकडे न बघता.

कोरलड्रॉच्या फाइलचा सीडीआर हा कंपनीचा खासगी फॉरमॅट, त्याची रचना कोरलने कधी उघड केलेली नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी फाइल आतून चाचपून 'लिबसीडीआर' नावाची लायब्ररी लिहिली. 2012 च्या लिबर ऑफिस 3.6 पासून ती लोकांच्या हाती आली आणि इंकस्केप हे चित्रं काढायचं मुक्त सॉफ्टवेअरही तिचाच आधार घेतं. मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: फोल्डर फिरायचा, प्रत्येक फाइल इंकस्केपला कमांड लाइनवरून द्यायची, एसव्हीजी घ्यायची. रात्री लावली. सकाळी लॉगमध्ये एकही एरर नव्हती.

मालकांनी मोबाइलवर पहिली फाइल उघडली. मशाल, पुस्तक, सूर्य सगळं जागच्या जागी. खाली शाळेच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्का आणि डॉलरची चिन्हं.

मला यात नवल वाटलं नाही, अण्णांना मात्र वाटलं, कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल स्वच्छ मराठीत दिसत होती. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसवतात. फाइलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षर आणि फॉन्टचं नाव, एवढंच. फॉन्ट असलेल्या मशीनवर 'विद्यालय' दिसतं, दुसरीकडे नुसता कचरा. अण्णांनी जिथे कंट्रोल-क्यू दाबून टेक्स्टचे कर्व्ह केले होते, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून टाकल्या होत्या, ते बॅज सुखरूप होते. पण बऱ्याच फाइलमध्ये त्यांनी मुद्दामच टेक्स्ट जिवंत ठेवलं होतं. एकाच संस्थेच्या पाच शाळा, दरवर्षी फक्त नाव बदलायचं. त्यात त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

मग दिशा बदलली. ज्या मशीनवर कोरल आणि ते सगळे फॉन्ट आहेत, त्याच मशीनवर कोरलकडूनच काम करून घ्यायचं. कोरलमध्ये व्हीबीए मॅक्रो, म्हणजे आतल्या आत चालणारे छोटे प्रोग्राम, चालतात: फाइल उघड, टेक्स्ट शोध, कर्व्ह कर, एसव्हीजी काढ, मूळ फाइल सेव्ह न करता बंद कर. दुपारी वीज गेली, यूपीएसने जेमतेम दम धरला. बाहेर डांबर मऊ होईल असं ऊन. अण्णांनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे सरकवली, आणि मला त्या दिवसाचा सगळ्यात उपयोगी प्रश्न विचारला: "हजार फायली बरोबर झाल्या हे बघणार कोण?"

हातात फक्त 'एरर नाही' एवढंच होतं, आणि त्याची किंमत सकाळीच कळली होती. पण सीडीआरच्या पोटात एक साक्षीदार असतो. कोरलच्या 2008 च्या एक्स-फोर आवृत्तीपासून ही फाइल म्हणजे चक्क झिप आहे. त्याआधीच्या फाइल, वेव्ह ऑडिओसारख्या, माहितीचे तुकडे एकामागोमाग साठवणाऱ्या रिफ पद्धतीच्या. दोन्हींत बहुधा एक छोटं प्रीव्ह्यू चित्र साठवलेलं असतं, शेवटचं सेव्ह करताना कोरलला पडद्यावर जे दिसत होतं ते. मी ती चित्रं बाहेर काढली, नवीन एसव्हीजीची त्याच आकारात चित्रं केली, दोन्ही काळी-पांढरी करून ठिपक्याठिपक्याने फरक मोजला आणि जास्त फरकाच्या जोड्या वर आणल्या.

एवढ्याशा चित्रात अक्षर वाचता येत नाही. पण शिरोरेषा दिसते! खऱ्या मराठी नावावर एक गडद आडवा पट्टा उमटतो. कचऱ्यावर तो नसतो. अण्णा पडद्यावरच्या जोड्या नुसत्या नजरेने चाळत होते. "हे गेलं. हे ठीक. हे गेलं." मी माझी आकडेवारी बाजूला ठेवून त्यांचं ऐकत होतो.

गेलेल्यांत एक साम्य होतं: बहुतेक बॅज गोल. अण्णांनी मूळ फाइल उघडून लगेच सांगितलं, "पॉवरक्लिप हाय ओ." म्हणजे गोल चौकटीच्या आत कोंबलेली चित्रं. मॅक्रोचा नेहमीचा शोध पॉवरक्लिपच्या आत उतरतच नाही. त्यामुळे आतलं टेक्स्ट टेक्स्टच राहिलं होतं. प्रत्येक चौकटीत शिरून, तिच्या आतल्या चौकटीतही शिरून पुन्हा शोधणारी दुरुस्ती केली, आणि यादीचा वरचा भाग रिकामा झाला.

डीएक्सएफचं प्रकरण लहान होतं. बाहेरच्या डिझायनरांकडून आलेल्या काही एसव्हीजीत माप इंचात नव्हतं, नुसते आकडे होते. इलस्ट्रेटर हे डिझायनरांचं सॉफ्टवेअर इंचाला 72 एकक धरतं, इंकस्केप 0.92 पासून 96. त्यामुळे तीन इंचाचा बॅज कापडावर सव्वादोन इंचाचा कापला गेला. कटिंगवाल्या पोराने टेप लावून दाखवला. त्या फाइलना चार तृतीयांश पट मोठं केलं.

नावं कर्व्ह झाल्यावर वेबसाइटवर शोधता येत नाहीत, म्हणून एसव्हीजीच्या 'टायटल'मध्ये युनिकोड नाव घालायचं ठरलं. ते टाइप केलं मालकांच्या मुलीने, मोबाइलवरून.

संध्याकाळी मालक म्हणाले, "आता एवढं केलंत तर एम्ब्रॉयडरी मशीनच्या डीएसटी पण काढून द्या की."

मी हात जोडले. डीएसटीत आकार नसतात, टाके असतात. सुई इथून तिथे किती दशांश मिलिमीटर सरकली, धागा कुठे थांबला. रंगाचीही नोंद नसते. टाका आडवा की तिरका, दाट की विरळ, कापड ओढलं जाईल का, हे पंचिंगवाल्याने, म्हणजे चित्राचे टाके करून देणाऱ्याने ठरवायचं.

"मग त्याला यातली काय पाठवू? एसव्हीजी?"

"एसव्हीजी द्या, पीडीएफ द्या, फक्त टेक्स्ट कर्व्ह केलेलं असू द्या."

अण्णा कॉम्प्युटर बंद करत म्हणाले, "त्याला मी कायम तसंच देतो ओ."