एक ओळ जास्त

इंग्लंडमधल्या एका क्रेमॅटोरियममध्ये, म्हणजे दहनगृहात, मी ऑर्गन वाजवते. अंत्यविधीसाठी एका कुटुंबाला ४० मिनिटं मिळतात. त्यात प्रार्थना, आठवणी आणि एक-दोन गीतं. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे कागद येतो, त्यावर गीताची फक्त पहिली ओळ असते. त्या गुरुवारच्या कागदावर होतं, 'नियरर, माय गॉड, टू दी', म्हणजे 'देवा, तुझ्या अधिक जवळ'. शेकडो वेळा वाजवलेलं गीत, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

कारण या गीताच्या तीन चाली प्रसिद्ध आहेत. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये गातात ती 'हॉरबरी', जॉन बॅकस डाइक्स यांनी केलेली, १८६१ सालची. मेथडिस्ट मंडळींच्या ओठांवर आर्थर सलिव्हन यांची 'प्रोपियर डिओ', १८७२ची. आणि अमेरिकेत रुजली ती लोवेल मेसन यांची 'बेथनी', १८५६ची. अहमदनगरला वाढताना चालींनाही नावं असतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या मंडळीत पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची पदं गायची. पेटीवाले काका आधी 'चाल कुठली?' विचारायचे, मगच भात्याला हात घालायचे. ती साधी शिस्त मी त्या दिवशी विसरले.

मी हॉरबरी सुरू केली. ऑर्गनवरच्या छोट्या आरशात मला पहिली रांग दिसते. सगळ्यांनी तोंड उघडलं, आणि दुसऱ्या ओळीला ती रांग गप्प झाली. मागचे शेजारीपाजारी गात होते. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी मात्र थांबल्या नाहीत. त्या गात होत्या, पण माझ्या सुरांवर नाही. बेथनी! ही माणसं अमेरिकेहून आली होती.

खरी पंचाईत कडव्याच्या शेवटी झाली. 'नियरर, माय गॉड, टू दी' ही ओळ हॉरबरीत शेवटाकडे एकदा येते, बेथनीत लागोपाठ दोनदा. मी कडवं संपवून हात उचलले तेव्हा आजींची एक ओळ अजून उरली होती. त्या शांततेत, कापऱ्या आवाजात, त्यांनी ती एकट्यानं पूर्ण केली.

माझ्या पोटात खड्डा पडला. पाळकांकडे पाहिलं, त्यांनी हलकेच मान हलवली. मी दुसऱ्या कडव्याला बेथनी धरली. पुढची रांग एकदम उभी राहिल्यासारखी गाऊ लागली. आता मागचे लोक त्या जादा ओळीला अडखळले, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत त्यांनाही ती सापडली.

विधी संपल्यावर आजी मागे थांबल्या. गेलेल्या बाई त्यांची थोरली बहीण, लग्न होऊन इंग्लंडला आलेली. मी क्षमा मागितली. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "शब्द आमचेच होते. मग सूर कुणाचे?"

मग मी त्यांना त्या दुसऱ्या दोन बहिणींबद्दल सांगितलं. सारा आणि एलायझा फ्लॉवर, दोघी लंडनच्या साउथ प्लेस चॅपलच्या. तिथले पाळक विल्यम जॉन्सन फॉक्स बायबलमधल्या याकोबाच्या स्वप्नावर प्रवचन करणार होते आणि त्यांना साजेसं गीत मिळत नव्हतं. साराने ते लिहून दिलं. १८४१ मध्ये चॅपलच्या गीतपुस्तकात ते छापलं गेलं आणि त्याला पहिली चाल लावली एलायझाने. ही मंडळी युनिटेरियन, म्हणजे ख्रिस्ताला देव न मानणाऱ्या पंथाची, त्यामुळे गीतात ख्रिस्ताचं नाव नाही. पुढे काहींनी ती उणीव समजून आपली कडवी जोडली. मला ती जोड कधीच पटली नाही. दगडाची उशी, अंधार, स्वर्गापर्यंत गेलेली शिडी: साराने उत्पत्तीच्या २८व्या अध्यायातली ती एक रात्र लिहिली, आणि ती पूर्ण आहे.

एलायझा १८४६ मध्ये क्षयाने गेली. शेवटपर्यंत तिची शुश्रूषा साराने केली, आणि १८४८ मध्ये सारा स्वतःही त्याच दुखण्याने गेली, ४३ वर्षांची. मेसन यांना एका रात्री अंधारात जागे असताना बेथनी सुचली, त्याला अजून ८ वर्षं होती. आज जग ज्या तीन चालींवर हे गीत गातं, त्यातली एकही साराच्या कानांवर पडली नाही. तिनं ऐकली ती बहिणीची चाल.

"ती हरवली?" आजींनी विचारलं.

"छापलेली आहे. मी मात्र कुणाला गाताना ऐकलेलं नाही."

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई साठ वर्षं या देशात राहिली. चर्चमध्ये ती तुझीच चाल गात असणार. मला शिकव."

घड्याळात ४ मिनिटं होती. मी हॉरबरी सावकाश, एकेका बोटानं सूर दाखवत वाजवली. आजी पुटपुटत मागून येत होत्या. दुसऱ्यांदा वाजवताना मी आरशात पाहिलं. शेवटची ओळ आली, मी हात उचलले, आणि आजी माझ्याबरोबरच थांबल्या. दारात पुढचं कुटुंब उभं होतं.