नाशिक ते मालवण, कॅमेरा पाण्यात घालायच्या नादात दोन फेऱ्या

काल रात्री घरी आलो, एका कानात अजून पाणी आहे, पाठ धरलीये, पण आत्ता लिहिलं नाही तर राहूनच जाईल. पोहता येतं, मास्क लावून श्वास घेता येतो, बोटीत ओकारी येत नाही असं धरून लिहितोय. ज्यांचं तिथेच अडतं त्यांनी कॅमेऱ्याचा विचार सोडा.

माझा कॅमेरा कॅननचा जी सेव्हन एक्स मार्क टू. मागच्या नोव्हेंबरात पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेलो, फोर्टातल्या एका दुकानात म्हटलं पाण्याखाली न्यायचाय. त्याने टेबलावर प्लास्टिकचा पाऊच टाकला, "सर युनिव्हर्सल आहे, वीस मीटर, कोणताही कॅमेरा बसतो". २२०० रुपये. घासाघीस करून १९०० केले आणि मी स्वतःला लई हुशार समजत परत आलो.

सांगतो काय झालं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला बोट थांबली, बोटवाल्याने वर 'कॅमेरा चार्ज' म्हणून ५०० मागितले (पावती नाही, बोर्ड नाही, बोटीत बसल्यावर सांगितलं, उतरून जाणार कुठे). स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) लावून डुबकी मारली, जेमतेम तीन मीटर गेलो असेन, तर पाऊच कॅमेऱ्याला चिकटला. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एक वातावरण, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, दहा मीटरवर आतली हवा निम्मी होते, आणि मऊ पिशवीला ती हवाच काय ती आधार. शटरचं बटण दाबलं गेलं ते वर येईचना, लेन्स बाहेर यायला बघतेय आणि समोरच्या काचेला अडतेय, किर्र किर्र आवाज करून स्क्रीनवर लेन्स एरर. वर आलो तर आत वाफ धरलेली. पाणी शिरलं नव्हतं हो, वॉटरप्रूफ होता तो! फक्त फोटो काढता येत नव्हता. एकूण फोटो चार, त्यातले तीन माझ्या अंगठ्याचे. तो अंगठा अजून कार्डात ठेवलाय, दुकानदाराची आठवण म्हणून.

लेन्स दुरुस्तीला जे गेले ते लिहीत नाही, बीपी वाढतं.

तर पहिली गोष्ट, युनिव्हर्सल म्हणजे कोणाचाच नाही. कडक पॉलीकार्बोनेटचं हाउसिंग (कॅमेऱ्याभोवती बंद होणारा वॉटरप्रूफ डबा) घ्या, आणि तेही तुमच्याच मॉडेलचं. पहिल्या जी सेव्हन एक्सला कॅननचं डब्ल्यूपी-डीसी ५४ नंबरचं हाउसिंग लागतं, मार्क टूला ५५, म्हणून सेकंडहँड घेताना नंबर वाचा आणि कॅमेरा सोबत नेऊन प्रत्येक बटण दाबून बघा. माझं ५५ असंच सेकंडहँड मिळालं, ४० मीटरचं. ओ-रिंग (झाकणातली पाणी अडवणारी रबरी कडी) मात्र नवीन टाका, ती तशीही वर्षाला बदलायची असते.

आणि वर्षातून एकदाच जाणार असाल तर हाउसिंगच्या भानगडीतच पडू नका. ऑलिंपसचा टीजी-६ तसाच १५ मीटर जातो, नवे गोप्रो १० मीटर. पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्याला मागून इन्स्ट्रक्टरने धरलेलं असतं, तुम्ही फार खोल जात नाही आणि हातात ठोकळा घेऊन फिरूही देत नाहीत. स्नॉर्केलिंग करणार असाल किंवा डाइव्हिंगचं सर्टिफिकेट असेल तरच हाउसिंगचे पैसे वसूल.

टेस्ट घरीच केली. आत कॅमेरा नाही, टिश्यू पेपर ठेवला आणि हाउसिंग पिंपात बुडवून अर्धा तास वर वीट. मित्र हसला, म्हणे पिंपात काय कळणार. पण गळती बऱ्याचदा वरवरच्या पाण्यातच होते, खोल गेल्यावर दाबानेच झाकण अजून घट्ट बसतं. माझा पहिला टिश्यू ओला निघाला. भिंग घेऊन बघितलं तर ओ-रिंगवर एक केस, माझ्याच भुवईचा असावा, बोटाला लागेना इतका बारीक. तो काढला, सोबत आलेलं ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन फिरवलं (फक्त चकाकी यावी, थापायचं नाही, व्हॅसलिन तर अजिबात नाही), दुसऱ्यांदा टिश्यू कोरडा. त्या वेळी जो आनंद झाला तो मालवणलाही झाला नाही.

परवाच्या फेरीला ठाण्याहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस, कुडाळला उतरून पुढे रिक्षा. हाउसिंग खोलीवर एसी लावून बंद केलं, आत सिलिका जेलची पुडी, किनाऱ्यावरच्या दमट हवेत उघडलंच नाही. कॅमेरा चार्ज आधीच फोनवर विचारला, तर म्हणे काही नाही!! फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पाण्यातला कचरा उजळून बर्फ पडल्यासारखं दिसतं. पाच मीटरच्या आसपास लाल रंग जवळजवळ संपतो म्हणून रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाईल, रंग नंतर सुधारता येतात) काढा. ६१ फोटो, त्यातले नऊ खरंच चांगले. पोपटमासा शेवाळ खरवडतोय, त्याचे दात दिसतात राव, दात!

देवबाग, सोलकढी, सुरमई सगळं छान होतं, त्यावर लोकांनी ढिगाने लिहिलंय.

परत आल्यावर बंद हाउसिंग गोड्या पाण्यात भिजवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबत राहा, नाहीतर मीठ धरून जाम होतात. लॉजवर एकदा केलं, आता घरी दुसऱ्यांदा चाललंय, आई दोनदा विचारून गेली की आंघोळीची बादली मोकळी कधी होणार.