पुडीला औषध कोण म्हणतं?

हिमोग्लोबिन ७.४. आमच्या तालुक्यात पस्तिशीच्या आतबाहेरच्या बाईचा असा रिपोर्ट निघाला तर कुणी दचकत नाही. अपुरं जेवण, आठवड्याचे दोन उपवास, पाळीला जास्त जाणं, वर चार वेळा चहा. कारणं सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि बहुतेक वेळा खरीही असतात. मशीनमधून कागद निघतो, मी सही करते, पेशंट लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जातो.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटशी माझा संबंध नळीतल्या रक्तापुरता. त्या दिवशीही सही करून मोकळी झाले असते, पण नाव ओळखीचं वाटलं. काही महिन्यांपूर्वी याच बाईंचं अपेंडिक्स माझ्याकडे तपासायला आलं होतं. पोटदुखीसाठी दुसरीकडे ऑपरेशन झालेलं. अपेंडिक्सला सूज नाही, असं मी लिहून दिलं होतं. तो कागद फाइलला लागला आणि विषय तिथेच मिटला असणार. आताच्या चिठ्ठीवर त्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: पोटदुखी सुरूच, बद्धकोष्ठ, लोह देऊनही रक्त वाढत नाही.

म्हणून स्लाइड जरा निवांत पाहायला घेतली. लोह कमी असलेल्या रक्तात तांबड्या पेशी लहान आणि मधे फिकट दिसतात, तशा त्या होत्याच. पण अधूनमधून एखादी पेशी वेगळी दिसे: बाजरीच्या भाकरीवर तीळ थापावेत तसे तिच्यात गडद निळे, जाडसर ठिपके. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रात एखादीच, कधी तीही नाही. ठिपके म्हणजे पेशीतला आरएनएचा गाळ. एरवी पेशी परिपक्व होताना एक एन्झाइम तो साफ करतं. ते एन्झाइम बंद पडलं की गाळ तसाच राहतो, आणि ते बंद पाडणाऱ्यांत पहिलं नाव शिशाचं.

थॅलेसेमियातही असे ठिपके दिसतात, त्यामुळे एवढ्यावर उडी मारता येत नाही. शिवाय जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए नावाचं रसायन असतं आणि त्यात रक्त राहिलं की हे ठिपके पुसट होत जातात. मी डॉक्टरांना फोन केला आणि बाईंना पुन्हा लॅबला पाठवायला सांगितलं. बोटाला टोचून थेट काचेवर थेंब घेतला. या वेळी ठिपक्यांच्या पेशी शोधाव्या लागल्या नाहीत. थॅलेसेमियाची तपासणीही करून घेतली, ती नॉर्मल आली.

स्लाइडवर रंग चढेपर्यंत बाईंना समोर बसवून घेतलं होतं. मालक काय करतात? शेती. बॅटरीचं दुकान, रंगकाम, भंगार, भांड्यांना कल्हई, यातलं घरात कुणी काही करतं का? नाही. गावाजवळ जुन्या बॅटऱ्या फोडायची भट्टी? नाही. कुठलं औषध चालू आहे? लोहाच्या गोळ्या. त्याही मधेच सोडलेल्या, कारण ‘त्यानं पोट लईच कडक हुतंय.’ बद्धकोष्ठाचं खापर गोळ्यांवर फुटलं होतं.

‘तोंड उघडा बघू, ताई.’

दात काळे होते. मिश्री. आमच्याकडे बायका सकाळी मिश्री लावल्याशिवाय हालत नाहीत, त्यामुळे काळे दात पाहून कुणी थांबत नाही. मिश्रीचा डाग दातावर बसतो. मी ओला कापूस घेऊन हिरडी पुसली. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठापासून जेमतेम मिलिमीटरभर आत, निळसर काळी बारीक रेघ होती आणि ती काही केल्या पुसली जाईना. तोंडातले जंतू गंधकाचं संयुग तयार करतात, रक्तातलं शिसं त्याला भेटतं आणि लेड सल्फाइड हिरडीच्या आतच साठतं. शिकत असताना ही रेघ मी चित्रातच पाहिली होती.

‘दुसरं काही घेता? काढा, चूर्ण, भस्म?’

‘औषध न्हाई ओ मॅडम. पुड्या हायत नुसत्या. गुडघं दुखत्यात म्हणून.’

हे वाक्य मला अगदी जसंच्या तसं आठवतं. डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पुडी त्यांच्या लेखी औषधात धरतच नव्हती. आठवडे बाजारात एक जण बसतो, त्याच्याकडून नात्यातल्या सगळ्या घेतात. सकाळी उपाशीपोटी मधातून एक, रात्री एक. वर्ष होत आलं होतं. एक पुडी पिशवीतच होती: वहीच्या कागदात बांधलेली राखाडी, जड भुकटी. नाव नाही, तारीख नाही, परवाना क्रमांक नाही.

रक्त मुंबईला पाठवलं. शिसं ९२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं. भुकटी एका खासगी प्रयोगशाळेला दिली, तिच्यात ग्रॅममागे १८ मिलिग्रॅम शिसं निघालं. तुलनेला सांगते: भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घराच्या भिंतीला लावायच्या रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, म्हणजे ग्रॅममागे ०.०९ मिलिग्रॅम. बाई रोज दोनदा जे चाटत होत्या, त्यात त्या मर्यादेच्या दोनशे पट होतं.

आता त्या ‘कमी जेवणा’कडे पुन्हा पाहावं लागलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासलं, तेही खाली होतं, म्हणजे लोहाची कमतरता खरीच होती. मग शिशाचं काय? दोन्ही एकमेकांना धरून होते. आतड्यात लोह आत घेणारे जे वाहक असतात, त्यांच्यावरच शिसंही स्वार होतं. लोह कमी पडलं की शरीर हे वाहक वाढवतं, आणि ताटात लोह नसेल तर त्या वाढीव जागा शिशाला मिळतात. जेवणासोबत गेलेलं शिसं प्रौढ माणसात थोडंच शोषलं जातं. उपाशीपोटी त्याच्या कितीतरी पट. बाजारातल्या माणसाने नेमकं उपाशीपोटीच घ्यायला सांगितलं होतं, आणि उपवासाच्या दिवशी तर त्या दिवसभर उपाशीच. एवढं करून आत गेलेलं शिसं हिमोग्लोबिन तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवर, जिथे लोह बसवायचं असतं, तिथेच अडथळा आणतं. वरून कितीही गोळ्या दिल्या तरी हिशेब जुळणार नव्हता. पोटातली कळही त्याचीच. पोट कळवळतं, पण हाताला फारसं काही लागत नाही, आणि सर्जनला अपेंडिक्स हाच सोपा संशय वाटतो.

‘आमचे आजे-पणजे भस्मं खाऊन नव्वदी गाठायचे,’ असं त्यांच्या दिरांनी मला लॅबमध्ये उभं राहून ऐकवलं. त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नव्हता. शास्त्राप्रमाणे नागभस्म, म्हणजे शिशाचं भस्म, करायला शोधन-मारणाचे (शुद्ध करून भस्म करण्याचे) संस्कार सांगितलेले आहेत; या भुकटीवर कोणी काय केलं होतं ते देवच जाणे. मात्र छापील डबीतलं म्हणजे निर्धोक, असंही नाही. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून आणलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आणि गुडघ्याच्या ज्या पुड्यांनी दोन दिवसांत उड्या मारायला लागतात, त्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, हे तर आमच्याकडचा प्रत्येक फिजिशियन सांगेल.

बाईंना शहरात दाखल केलं. तिथे कॅल्शियम ईडीटीए दिलं, शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं. माझ्या नळ्यांत असतं त्याच घराण्यातलं. फक्त शिरेतून देताना ते कॅल्शियमवालंच लागतं, साधं सोडियमवालं दिलं तर रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणूस दगावू शकतो. पहिल्या फेरीनंतर शिसं ४० च्या खाली आलं आणि पुढच्या तपासणीत पुन्हा चढलं. घरचे घाबरले, परत पुडी घेतली का म्हणून त्यांच्यावर ओरडलेही. घेतली नव्हती. शिसं हाडांत साठतं, तिथे वीस-तीस वर्षं राहतं आणि रक्तातलं कमी झालं की हाडातलं खाली उतरतं. दुसरी फेरी द्यावी लागली.

मला खरा धक्का नंतर बसला. फेरतपासणीला आल्या तेव्हा सोबत सहा वर्षांची मुलगी होती. सहज विचारलं, हिला कधी दिली होती का? ‘जेवत नव्हती, म्हणून बोटभर चाटवायची कधीमधी.’ मुलीचं शिसं २४ निघालं. तिला काहीही होत नव्हतं, म्हणजे दिसत तरी नव्हतं. मोठ्यांपेक्षा मुलांचं आतडं शिसं कितीतरी जास्त शोषतं आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. अमेरिकेत २०२१ पासून मुलाच्या रक्तात ३.५ च्या वर शिसं दिसलं की शोध सुरू करतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा, की भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ते ५ च्या वर आहे. पेट्रोलमधलं शिसं देशभर २००० सालीच बंद झालं, तरीही. २४ ला सहसा औषधाने शिसं काढत नाहीत. उगम बंद करायचा, लोह आणि कॅल्शियम पुरेसं द्यायचं आणि मोजत राहायचं. अंगणवाडीताईंना मी स्वतः फोन करून पोरीच्या घरी लक्ष ठेवायला सांगितलं.

बाजारातल्या माणसाबद्दल लेखी तक्रार केली. नमुने घ्यायला लोक आले त्या आठवड्यात तो बसलाच नाही. पुढे दुसऱ्या गावच्या बाजारात दिसल्याचं आमच्या टेक्निशियनने सांगितलं. तीही तक्रार दिली आहे.

बाईंचं हिमोग्लोबिन आता १०.८ आहे, मुलीचं शिसं १५. आमच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ खाली एक ओळ वाढवली: ‘पुडी, काढा, भस्म, चूर्ण?’ काउंटरवरच्या मुलीला ती ओळ आवडत नाही, रांग अडते म्हणते. परवा एका आजोबांनी तिथे ठणकावून ‘नाही’ लिहिलं आणि खिशातून पुडी काढून पाणी मागितलं.