व्हेनिसला जेवायला बसू नका, उभं राहून खा

मे महिन्याच्या युरोप टूरची बुकिंग सुरू झाली की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास येतो, अगं व्हेनिसला खायचं काय, तिथे सगळे मासेच ना, आणि आम्ही टूरशिवाय स्वतः हिंडून आलोय म्हणून तो माझ्याकडेच येतो. तर आता सगळं एकदाच नीट सांगते.

आधी टूरवाल्यांसाठी. बहुतेक ग्रुप व्हेनिसमध्ये राहतच नाहीत, खाडीच्या अलीकडे मेस्त्रेला राहतात. दिवसा सान मार्को चौक, गोंडोला, काचेचा कारखाना आणि संध्याकाळी बस भरून इंडियन डिनरला. त्या जेवणाला मी नावं ठेवत नाही, घरच्या मोठ्या माणसांना परदेशात वरणभात मिळाला की किती बरं वाटतं ते मी बघितलंय. पण व्हेनिसची माणसं खायला बाहेर पडतात ती नेमकी संध्याकाळी सहा ते आठ, आणि तेव्हा तुम्ही बसमध्ये असता, हे मला खरंच फार लागतं. म्हणून टूर मॅनेजरला सकाळीच सांगून ठेवा की आम्ही आमचे येऊ. सान्ता लुचिया स्टेशनवरून मेस्त्रेला ट्रेन सारख्या असतात, दहा-बारा मिनिटांत पोचता, घाबरायचं काही कारण नाही.

आता खायचं कुठे, तर बाकारोमध्ये. बाकारो म्हणजे छोटंसं वाईनचं दुकान, काचेच्या कपाटात छोटे छोटे पदार्थ मांडलेले, त्यांना म्हणतात चिकेत्ती, बहुतेक पावाच्या चकतीवर काहीतरी ठेवलेलं. बोट दाखवायचं, दोन-तीन घ्यायचे, सोबत वाईनचा छोटा ग्लास, त्याला ओम्ब्रा म्हणायचं, उभ्यानेच खायचं आणि पुढच्या बाकारोत जायचं. एका ठिकाणी पोट भरायचं नाही. एक चिकेत्तो साधारण २-३ युरोला पडतो, म्हणजे सान मार्कोच्या आसपास फोटोवाला मेनू लावलेल्या रेस्टॉरंटमध्ये गार पास्ता खाऊन वर माणशी कोपेर्तो भरण्यापेक्षा कितीतरी बरं. कोपेर्तो म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे, तो बिलात लागतो, मेनूवर खाली बारीक अक्षरात लिहिलेला असतो, बसायच्या आधी बघून घ्या.

सुरुवात रियाल्तोपासून करा आणि सकाळीच करा. पुलाच्या पलीकडे भाजीबाजार आहे आणि त्याला लागून मासळी बाजार, पेस्केरिया, १९०७ साली बांधलेली कमानींची इमारत. तिथे एक जुनी दगडी पाटी आहे, कुठला मासा कमीत कमी किती लांब असेल तरच विकायचा ते त्यावर कोरलंय, सार्डिन ७ सेंटीमीटर, ईल २५ सेंटीमीटर. लहान पिल्लं पकडून संपवू नका म्हणून केलेला नियम, दगडात कोरून बाजारातच लावलेला, मला ती पाटी सान मार्को चर्चच्या आतल्या सोनेरी घुमटांइतकीच आवडली. भाजीत वसंतात सांत एरास्मो बेटावरचे जांभळे आर्टिचोक येतात, दिसले तर बाकारोत तेच मागा.

बाजाराच्या मागच्या बोळात कान्तिना दो मोरी आहे, १४६२ पासूनचं सांगतात, आत अंधार, छताला तांब्याची भांडी टांगलेली, बसायला काही नाही. त्याच्या अगदी जवळ आल आर्को, तिथे सकाळी अकरा-साडेअकराला जा, बारानंतर हात पोचत नाही काउंटरपर्यंत. मासे खाणाऱ्यांनी दोन गोष्टी चुकवायच्या नाहीत. एक सार्दे इन साओर, तळलेली सार्डिन, वर भरपूर कांदा व्हिनेगरमध्ये मुरवलेला, बेदाणे आणि पाइन नट्स, जहाजावर मासा टिकावा म्हणून काढलेली युक्ती, आणि आंबट-गोड चव आपल्या जिभेला लगेच पटते. दुसरं बक्काला मान्तेकातो. हा वाळवलेला कॉड मासा, मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला, आपला सुका बोंबील कसा भिजवून मऊ करतो तसा आधी भिजवायचा, शिजवायचा आणि मग तेल घालत घालत घोटून लोण्यासारखा करायचा. मासा नॉर्वेचा आहे, व्हेनिसच्या पाण्यातला नाही. पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी १४३१ मध्ये क्रीटहून वाईन वगैरे माल घेऊन निघाला, वादळात जहाज गेलं, आणि वाचलेली माणसं १४३२ च्या जानेवारीत नॉर्वेच्या लोफोतेन बेटांकडे लागली, तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि हा वाळवलेला मासा त्यांनी तिथे बघितला. आज व्हेनिसच्या जवळजवळ प्रत्येक काउंटरवर तो आहे.

शाकाहारी लोकांसाठी आता जरा सविस्तर, कारण आमच्या आई पक्क्या शाकाहारी आहेत आणि त्यांच्यासाठी मी प्रत्येक ठिकाणी विचारत विचारत गेले. चिकेत्तीत गोर्गोन्झोला चीज आणि अक्रोड, भोपळा किंवा वांगं साओर केलेलं, म्हणजे तसंच कांदा-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं, आर्टिचोकचा तळाचा गर लसूण-पार्सलीत शिजवलेला, मक्याच्या पिठाचा भाजलेला पोलेन्ता, हे मिळतं. अंडं चालत असेल तर प्रश्नच नाही, अर्धं उकडलेलं अंडं सगळीकडे असतं. पण बिगोली इन साल्सा नावाचा पास्ता घेऊ नका, दिसतो नुसत्या कांद्याचा पण त्यात खारवलेला मासा विरघळलेला असतो, राजमासारख्या दिसणाऱ्या पास्ता ए फाजोलीत डुकराचं काहीतरी घातलेलं असू शकतं, आणि रिझी ए बिझी म्हणजे मटार-भात दिसला तर तो कुठल्या स्टॉकमध्ये शिजवलाय ते विचारा. फार कडक पाळत असाल तर पार्मेजान आणि ग्राना पादानो हे चीज पण नको, त्यात दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबू नका, सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे म्हणा, मांस नको, मासा नको, लोक व्यवस्थित समजून घेतात आणि स्वतःहून सांगतात हे चालेल ते नाही चालणार.

संध्याकाळी सान त्रोवाझोला जा, तिथे कान्तिने जा स्कियावी, कालव्याच्या अगदी काठावर, समोर गोंडोला दुरुस्तीचं जुनं आवार दिसतं. किंवा कान्नारेज्जो भागात मिझेरिकोर्दिया कालव्याचा काठ, तिथे ओळीने बाकारो आहेत. दारू पिणाऱ्यांनी स्प्रिट्झ, म्हणजे कडवट लिकर, वाईन आणि सोड्याचं पेय, सेलेक्ट नावाचं लिकर घालून मागा, नेहमीचं आपेरोल शेजारच्या पादोव्हाचं, सेलेक्ट १९२० मध्ये व्हेनिसमध्येच सुरू झालेलं आणि चवीला जरा जास्त कडू. न पिणाऱ्यांनी संकोच करू नका, साधा सोडा किंवा ज्यूस घेऊन उभे राहा, कोणी वळून बघत नाही. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

कॅफे फ्लोरियानबद्दल सगळे विचारतात. १७२० चं आहे, आतल्या खोल्या सुंदर आहेत, बाहेर वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे वेगळे पैसे बिलात येतात. आयुष्यात एकदा बसावंसं वाटलं तर जरूर बसा, एरवी कुठल्याही साध्या बारच्या काउंटरवर उभ्याने एस्प्रेसो घ्या, तिथे ती मस्तच असते.

आणि हे खास आपल्या द्राक्षवाल्यांसाठी. निफाड, दिंडोरी, ओझरकडून जे जाताय त्यांनी अर्धा दिवस काढून माझोर्बो बेटावर जाच. फोन्दामेन्ते नोव्हेवरून १२ नंबरची बोट, रंगीत घरांच्या बुरानोच्या आधीचा थांबा, दोन्ही बेटं लाकडी पुलाने जोडलेली आहेत. तिथे भिंतीने वेढलेली एक द्राक्षबाग आहे, वेनिस्सा, जुना घंटाघराचा मनोरा मध्ये उभा. त्यात दोरोना नावाचं सोनेरी पांढरं द्राक्ष लावलंय. पूर्वी या खाडीतल्या बेटांवर ते होतं, पण ४ नोव्हेंबर १९६६ ला समुद्राचं पाणी १९४ सेंटीमीटरपर्यंत चढलं, खाऱ्या पाण्यात बागा बुडाल्या आणि दोरोना जवळपास गेलंच. २००२ मध्ये बिसोल कुटुंबातल्या जानलुका बिसोलना तोर्चेल्लो बेटावर थोडे वेल सापडले, त्यावरून ही बाग उभी राहिली.

आमचे बाबा, म्हणजे सासरे, निफाडचे बागायतदार. व्हेनिसचे राजवाडे त्यांनी शांतपणे बघितले, पण इथे आल्यावर दोन तास हलेनात. खाऱ्या जमिनीत वेल कसा जगतो, पाणी साचलं की निचरा कुठून काढता, रूटस्टॉक म्हणजे कलमाचा खुंट कुठला, त्यांच्या मराठी प्रश्नांचं माझा नवरा इंग्लिश करत होता आणि तिथला माणूस हातवारे करून दाखवत होता. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळ छाटणी, वर्षातून दोनदा, हे ऐकून तो माणूस थक्क झाला, कारण त्यांचा वेल थंडीत झोपतो आणि छाटणी एकदाच. मग बाबांनी त्याला एकोणसत्तरचा गोदावरीचा पूर सांगितला. वाईन बाबा घेत नाहीत, पण त्या दिवशी ग्लास हातात धरून वास घेतला आणि म्हणाले, "मीठ लागतंय गं जरा." आणि खरंच, चवीला मागून खारट लागते ती. बाटली भारी महाग आहे, ग्लासवर मिळत असेल तर तेवढंच घ्या. परतताना बुरानोत बुस्सोला नावाची लोण्याची गोल बिस्किटं घ्या, डब्यात पुष्कळ दिवस टिकतात, नाशिकपर्यंत आरामात येतात.

वाराची एक गोष्ट लक्षात ठेवा. मासळी बाजार रविवारी आणि सोमवारी बंद, आणि रियाल्तोच्या आजूबाजूचे काही बाकारो बाजाराच्या हिशोबाने चालतात, लवकर मिटतात. तेव्हा व्हेनिस मंगळवार ते शनिवारात बसेल असं बघा, आणि टूरने नेमका रविवार दिला असेल तर रियाल्तो सोडून सरळ कान्नारेज्जो गाठा.