गोल्फचं पुस्तक केव्हा उघडावं: एडिनबरातून

येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून रोज जाणाऱ्या माणसालाही आत नेमकं काय चालतं हे बहुधा माहीत नसतं. आपल्याकडे हा खेळ सभासदत्वाच्या आत राहतो. इथे स्कॉटलंडच्या एडिनबरात तो रस्त्याला लागूनच भेटतो. शहराच्या मधोमध ब्रंट्सफील्ड लिंक्स नावाचं मोकळं मैदान आहे. तिथे खेळायला पैसे पडत नाहीत आणि उन्हाळ्यात 36 छोटे होल, म्हणजे चेंडू घालायचे खळगे, आखलेले असतात. एक वेज (चेंडू उंच उडवायची काठी), एक पटर (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलायची काठी), दोन-तीन चेंडू घ्यायचे आणि सुरू करायचं. बाजूला कोणी कुत्र्याला फिरवत असतं, विद्यार्थी गवतावर आडवे झालेले असतात. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून हा खेळ खेळत बसायचे. पुढे 1471 आणि 1491 साली ती बंदी पुन्हा घालावी लागली, इतका हा खेळ इथल्या माणसांत मुरला होता.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, तेव्हापासून घरचे लोक मला गोल्फबद्दल बरंच काही विचारतात. त्यातला एक प्रश्न नेहमीचा: पुस्तक वाचून हे शिकता येतं का? येतं. पण पुस्तक केव्हा उघडायचं यावर सगळं अवलंबून आहे, आणि माझ्या मते ते पहिल्या दिवशी उघडू नये.

कारण या खेळात आपल्याला जे जाणवतं आणि शरीर प्रत्यक्षात जे करतं, त्यांत मोठं अंतर असतं. क्लब, म्हणजे खेळायची काठी, वरून खाली येऊन चेंडूला लागेपर्यंत जेमतेम पाव सेकंद जातो. तेवढ्यात आपलं आपल्याला काहीच तपासता येत नाही. चेंडू हवेत जायला हवा म्हणून नवा माणूस त्याला खालून उचलायला जातो, आणि क्लब चेंडूआधी जमिनीत घुसतो किंवा चेंडूच्या डोक्यावर लागतो. खरं तर उचलण्याचं काम क्लबच करतो. सेव्हन आयर्न या क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, मुळातच तीसेक अंश मागे कललेला असतो. आपण खाली मारायचं: आधी चेंडू, मग माती. हे वाक्य कोणत्याही पुस्तकात सापडेल, पण आपण ते पाळत नाही आहोत हे पुस्तक सांगत नाही. ते शिक्षक सांगतात. माझे शिक्षक बोलतात कमी. फोनवर स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची हालचाल, टिपतात, सावकाश करून दाखवतात, आणि एका तासात एकच गोष्ट बदलतात. दुसरी विचारली तर पुढच्या वेळी म्हणतात. गाण्यातली तालीम आणि रियाज हा फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच पटेल.

मग पुस्तक. अमेरिकन गोल्फपटू बेन हॉगन यांचं 1957 सालचं ‘फाइव्ह लेसन्स’ इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळतं. 1949 मध्ये त्यांच्या गाडीला बसने धडक दिली, हाडं मोडली. पुढच्याच वर्षी ते गोल्फची यूएस ओपन स्पर्धा जिंकले. 1953 मध्ये ते स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला आले, ब्रिटनची ओपन चँपियनशिप आयुष्यात एकदाच खेळले आणि तीही जिंकले. पुस्तकातली अँथनी रॅव्हिएली यांची चित्रं इतकी नेमकी आहेत की मनगटातला ताणसुद्धा दिसतो. पकडीवरचं प्रकरण मी मनापासून वाचते, अजूनही. पण एक गोष्ट शिक्षकांनी सांगितली नसती तर मला कळली नसती. हॉगन यांचा त्रास होता चेंडू डावीकडे जोरात वळण्याचा, आणि त्यांची पकड त्या त्रासावरचा उपाय होती. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक नवशिक्यांचा त्रास नेमका उलटा: चेंडू उजवीकडे वळतो. त्यांनी ती पकड जशीच्या तशी घेतली तर चेंडू आणखीच उजवीकडे जाईल. अशा माणसाने डावा हात थोडा उजवीकडे फिरवावा, वरून पाहताना बोटांच्या मुळाशी असलेले दोन-तीन उंचवटे दिसतील इतका. हॉगन यांचं पुस्तक थोर आहे, पण एका विशिष्ट माणसाच्या हातांनी लिहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अनेक जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असे की क्लब ज्या मार्गाने फिरतो त्या दिशेने चेंडू सुटतो, आणि क्लबचा चेहरा त्याला नंतर वळवतो. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारख्या रडार यंत्रांनी याचं उलट दाखवून दिलं. चेंडू सुटतो तो मुख्यतः चेहऱ्याच्या दिशेने. वळतो तो चेहरा आणि मार्ग यांतल्या फरकामुळे. आता समजा, उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे सुटला आणि आणखी उजवीकडे वळला. जुना नियम मानणारा म्हणेल की मार्ग उजवीकडे गेला, आणि पुढच्या वेळी क्लब डावीकडे ओढेल. त्याने दोष वाढतोच, कारण मूळ अडचण उघड्या, म्हणजे उजवीकडे वळलेल्या, चेहऱ्याची. हे समजल्यावर मला सरावात प्रत्येक चेंडू वाचता यायला लागला. कुठे सुटला, कुठे वळला, एवढं पाहिलं की पुरतं.

सरावाबद्दल माझं मत ठाम आहे. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादलीभर चेंडू एकाच क्लबने एकाच दिशेला मारणं समाधान देतं, पण ते मैदानावर टिकत नाही. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवलं की हालचाली आलटूनपालटून केल्या तर सराव करताना कामगिरी वाईट दिसते, पण नंतर शिकलेलं जास्त टिकतं. म्हणून मी दर चेंडूला क्लबही बदलते आणि निशाणाही. शिक्षकांनी दिलेली नवी गोष्ट मात्र अपवाद. ती अंगात बसेपर्यंत तशीच पुन्हा पुन्हा, अर्ध्या स्विंगने.

मार्क ब्रॉडी या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी व्यावसायिक गोल्फपटूंच्या फटक्यांची आकडेवारी तपासली. आठ फुटांवरून जगातले उत्तम खेळाडूसुद्धा पटरने मारलेले निम्मेच फटके (त्यांना पट म्हणतात) होलमध्ये घालतात. हा आकडा मला फार धीर देतो. त्यांनी असंही दाखवलं की चांगल्या आणि सामान्य खेळाडूमधला सुमारे दोन तृतीयांश फरक होलपासून शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो. तरी सुरुवात मी होलजवळूनच करायला सांगेन, कारण छोट्या फटक्यात क्लब चेंडूला नीट लागणं शिकता येतं, आणि लांब फटक्यालाही तेच लागतं.

जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा ऑफिसनंतरही ब्रेड हिल्स या टेकड्यांवरच्या गोल्फ मैदानावर जाता येतं. हे महापालिकेचं मैदान 1889 पासून आहे. वरून किल्ला, आर्थर्स सीट ही टेकडी आणि फोर्थची खाडी दिसते, आणि वारा कधी थांबत नाही. डिसेंबरमध्ये पावणेचारला सूर्य मावळतो. ते महिने पुस्तकांचे आणि बैठकीच्या खोलीतल्या गालिचावर पट मारण्याचे.

तुमच्यापैकी कोणी स्कॉटलंडला येणार असाल तर सेंट अँड्र्यूजला ‘हिमालयाज’वर जरूर जा. फक्त पटरने खेळायचं उंचसखल मैदान आहे ते. तिथला महिलांचा पटिंग क्लब 1867 पासूनचा आहे, आणि बाहेरच्यांनाही थोड्या पैशांत खेळता येतं. लहान मुलं, आजी-आजोबा, सगळे खेळतात. रविवारी आलात तर शेजारच्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर सहसा खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. दोन होलना मिळून एकच, अशी सात अवाढव्य ग्रीन, म्हणजे होलभोवतालची बारीक कापलेली हिरवळ, तिथे आहेत. त्यांच्या कडेने चालताना उतार पायाखाली घेऊन पाहा.